ब्रह्मकमळ आणि सूनबाईचा पायगुण

साखरखेर्डा म्हटले की इतिहासप्रेमींना १७२४ सालची निजामाची लढाई आठवते. मला आठवतात त्या पावसाळ्यातल्या रात्री! कुणाकडे ब्रह्मकमळ उमलणार असले की गल्लीभर निरोप जातो, ओसरीवर निरांजन लागते, चहा होतो आणि बारा वाजले तरी कुणी जागचे हलत नाही.

ज्या घरी फूल येत नाही, तिथली कथा मात्र निराळी. आमच्या शेजारी नवी सून आली आणि दोन वर्षे कुंडीत कळी धरली नाही. झाले! ‘पायगुण’ हा शब्द कुजबुजीत निघालाच. ती बिचारी अधिकच भक्तिभावाने रोज तांब्याभर पाणी घालू लागली. खरे दुखणे तिथेच होते.

भगिनींनो, आपल्या कुंडीतले हे झाड हिमालयातले नव्हेच. खरे ब्रह्मकमळ उत्तराखंडाचे राज्यपुष्प; ते सूर्यफुलाच्या कुळातले. आपले झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या रानातला निवडुंग. तिथे तो मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर, साचलेल्या पाचोळ्यात मुळे धरून राहतो. ज्याला आपण पान म्हणतो, ते त्याचे चपटे खोड. म्हणून तर कळी ‘पाना’तून फुटते!

एवढे कळले की निगा सोपी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ते दुपारचे ऊन याला सोसत नाही, खोड पिवळे पडते. पण अंधारे माजघरही नको. सकाळचे कोवळे ऊन येणारी पूर्वेची खिडकी उत्तम. मातीत पानांचे खत, जाड वाळू आणि विटेचे तुकडे मिसळावेत. वरची माती बोटभर सुकली तरच पाणी द्यावे, थंडीत त्याहून कमी. मुळांशी पाणी साचले की ती कुजतात. कुंडी फार मोठी नको. कळी दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नये, कळी गळण्याचा संभव असतो. नवे रोप करायचे तर वीतभर तुकडा दोन-चार दिवस सावलीत सुकवून लावावा. फुलायला मात्र दोन-तीन वर्षे लागायचीच!

हे सारे मी शेजारच्या सूनबाईला सांगितले. कुंडी खिडकीशी आली, रोजचा तांब्या थांबला. पुढल्या पावसाळ्यात तीन कळ्या धरल्या आणि सासूबाईंनीच कौतुकाने गल्लीला बोलावणे धाडले.

तुमच्याकडचे झाड रुसले असेल, तर घरातल्या कुणाकडे बोट दाखवण्याआधी तेच बोट कुंडीतल्या मातीत खुपसून पाहा!