सुडो बिघडल्यावर सर्व्हरचा ताबा परत मिळवताना

लिनक्स सर्व्हरवर रूट या खात्याला सर्वाधिकार असतात. रोजच्या कामात मात्र कोणी रूट म्हणून लॉगिन करत नाही. आपल्या साध्या खात्यातून सुडो ही कमांड चालवून त्या कामापुरते अधिकार घेतले जातात. सुडोचा जन्म १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात झाला. उबुंटूमध्ये तर रूटचा पासवर्ड मुळातच बंद असतो. अशा सर्व्हरवर सुडो बिघडली की मोठी अडचण होते, कारण ती दुरुस्त करायलाही सुडोच लागते.

बिघाड बहुधा क्षुल्लक चुकीतून होतो. सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणाऱ्या सुडोअर्स या फाइलमध्ये एखादे चिन्ह चुकते, किंवा फाइलच्या परवानग्या सैल होतात. ही फाइल कोणालाही बदलता येईल अशी झाली, तर सुडो काम करायला नकार देते, आणि ते योग्यच आहे. तिसरी चूक युझरमॉड कमांडची. खाते नव्या ग्रुपमध्ये घालताना ‘ए’ हा पर्याय राहिला, तर ते आधीच्या जादा ग्रुपांतून, म्हणजे सुडोचा अधिकार देणाऱ्या सुडो ग्रुपमधूनही, बाहेर पडते.

अशा वेळी कुठे रूटचे सत्र उघडे असेल, तर ते बंद करू नये. त्याचे अधिकार शाबूत असतात. तसे नसेल आणि खाते अजून सुडो ग्रुपमध्ये असेल, तर पीकेएक्झेक ही कमांड वापरून पाहावी. ती सुडोअर्स फाइल वाचतच नाही. परवानगी पोलकिट या वेगळ्या यंत्रणेकडून घेते.

तेही जमले नाही, तर सर्व्हरच्या कन्सोलवर जावे लागते. मशीन रीस्टार्ट करून ग्रब या बूट लोडरच्या मेनूत रिकव्हरी मोड निवडला, की उबुंटूमध्ये रूट शेल मिळते. डेबियनमध्ये रूट बंद असेल तर हा मोड शेल द्यायला नकार देतो. तिथे ग्रबमध्ये ‘ई’ दाबून, कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’ म्हणून बॅश चालवण्याची सूचना लिहितात. मग पासवर्ड न विचारता शेल उघडते. या वेळी डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. ती लिहिण्यासाठी पुन्हा माउंट केल्याशिवाय एकही बदल टिकत नाही, आणि नवखे इथेच सर्वाधिक अडतात. त्यानंतर चुकीची ओळ सुधारावी, फाइलची परवानगी ०४४० करावी, खाते ग्रुपमध्ये परत घालावे. रेड हॅटच्या वितरणांत एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा चालू असल्याने, या मार्गाने पासवर्ड बदलल्यास फाइलींना पुन्हा लेबले लावण्याची खूणही ठेवावी लागते; नाहीतर पुढचे लॉगिनच अडू शकते.

क्लाउडवरच्या सर्व्हरला कन्सोल नसेल, तर तो थांबवून त्याची डिस्क दुसऱ्या चालू सर्व्हरला जोडतात, तिथून फाइल दुरुस्त करतात आणि डिस्क परत मूळ जागी लावतात.

या साऱ्या उपायांमागे एकच तत्त्व आहे: ज्याच्या हाती मशीनचे बूट किंवा डिस्क, त्याच्या हाती रूट. म्हणूनच चोरालाही हाच रस्ता मोकळा असतो. ग्रबला पासवर्ड लावणे आणि डिस्क एन्क्रिप्ट करणे ही त्यावरची खरी राखण. मग दुरुस्तीसाठीही ते पासवर्ड जवळ असावे लागतात.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून सुडोअर्स फाइल नेहमी व्हिसुडो या कमांडनेच उघडावी. सेव्ह करण्याआधी ही कमांड फाइलचे व्याकरण तपासते आणि चूक असल्यास थांबवते. शिवाय बदल करताना दुसऱ्या खिडकीत रूटचे सत्र उघडे ठेवावे, आणि नव्या लॉगिनमधून सुडो चालते याची खात्री झाल्यावरच ते बंद करावे.