शाळेतील पर्जन्यमापक व गावाचे पाणी

आश्विनात भरलेली विहीर पाहून उन्हाळी पिकाचा बेत करावा आणि फाल्गुनात विहिरीने तळ गाठावा, हा अनुभव अनेक गावांना आहे. अशा वेळी बी, खत व मेहनत तिन्ही वाया जातात. पाण्याचा हिशेब ठेवण्याची सवय बालवयातच लागणे म्हणूनच अगत्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकविण्याविषयी निर्देश दिले. तथापि केवळ पाठ्यपुस्तकाने तो अंगी बाणत नाही. त्यास साधनांची जोड हवी. ही साधने महागडी नाहीत.

सरळ बाजूंची, सपाट तळाची काचेची बरणी व मोजपट्टी एवढ्यावर शाळेचे पर्जन्यमापक तयार होते. झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी बरणी घट्ट बसवावी. पावसाळ्यात रोज सकाळी ८-३० वाजता मुलांनी साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी व बरणी रिकामी करावी.

पुढे गणिताचा तास याच वहीवर घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असल्यास २५ मिलिमीटर पावसात त्यावर १,५०० लिटर पाणी पडते. एक हेक्टर शेतावर २,५०,००० लिटर! त्यातील किती मुरते व किती वाहून जाते, हा प्रश्न मुले मग आपणहून विचारतात.

त्याचे उत्तर दोन उतरत्या पेट्या देतात. एकीत उघडी माती, दुसरीत गवतासह उचललेली माती भरावी व दोहींवर झारीने सारखेच पाणी शिंपडावे. उघड्या मातीवरून गढूळ पाणी वाहते, गवतातून बरेच निवळ पाणी सावकाश येते. बांधबंदिस्तीचे महत्त्व मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची व त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिक्षकांच्या साहाय्याने आपल्या गावी तशी सुरुवात करावी. रब्बीपूर्वीच्या ग्रामसभेत मुलांनी आपली वही वाचून दाखवावी. ज्या घरातील मूल पाऊस मोजते, त्या घरी पेरणीचा विचारही मोजूनमापून होऊ लागेल.