वाटीभर तांदळाला पाणी किती?



आडसाली उसाला एकरी नत्र किती, असे कोणी मध्यरात्री उठवून विचारले तरी आम्ही १६० किलो सांगू. पण वाटीभर तांदळाला पाणी किती, हे गेल्या हंगामापर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते.

ऐन गळीत हंगामात आमच्या सौ. दवाखान्यात दाखल झाल्या. दोन दिवस शेजारून डबा आला. तिसऱ्या दिवशी फडावरून परतलो, तो मुलगी गॅसपुढे उभी. त्या दिवशी तिची दहावीची सराव परीक्षा होती. "पेपर?" आम्ही विचारले. "तुम्ही उपाशी राहिला असता ना पप्पा," ती म्हणाली. घास घशाखाली उतरेना. पेपर बुडाला तो बुडालाच.

सौ. घरी आल्यावर आम्ही शिकलो. त्या बाजेवरून सांगत, हात आमचे चालत. शेंद्रा गटाच्या बैठकीत ही हकीकत सांगितली तेव्हा मोठा हशा झाला. पण उठताना तीन-चार सभासद हळूच बाजूला आले. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत अनेकांची पोरे कामाला. दोघे-चौघे मिळून खोली करतात आणि पाळीवरून आले की वडापाववर भागवतात. "साहेब, त्यांच्यासाठी काही लिहा," असे म्हणणे पडले. चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेत तीन दगडांवर हंडी चढवायला पुरुष पुढे असतात. मग घरी भात लावायला लाज कसली? तर त्यांनी विचारलेले प्रश्न असे :

मापासाठी तराजू हवा का? नको. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले व घरोघरी गेले. त्यातली मापे वाटी-चमच्याचीच. एक वाटी ठरवा आणि सगळे तिनेच मोजा.

भाताला पाणी किती? वाटीला दोन वाट्या. तांदूळ नवा असेल तर जरा कमी; जुना तांदूळ पाणी जास्त पितो. जमीन पाहून पाणी देतो, तसेच हे. कुकर लावण्याआधी झाकणाची रिंग आणि शिट्टीचे भोक पाहावे, तळाला पाणी घालावे. वाफ जिरल्याशिवाय झाकण ओढू नये. हे अगदी बजावून सांगतो.

डाळ शिजतच नाही? आपल्याकडील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, त्यात डाळ लवकर शिजत नाही. तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. वाटीला तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल. चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावा. आधी आंबट पडले की डाळ अडून बसते.

फोडणी करपते? तेल तापले का, ते मोहरीचा एक दाणा टाकून पाहावे. तडतडला की बाकीची मोहरी. ती उडायची थांबली की आच बारीक करून जिरे, हिंग, हळद. तिखट अगदी शेवटी आणि लगेच डाळ किंवा पाणी. सगळा मसाला आधीच हाताशी काढून ठेवावा. डबे शोधेपर्यंत तेल थांबत नाही.

पिठल्यात गुठळ्या होतात? बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे, मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात एका हाताने ओतत दुसऱ्याने ढवळावे. कोरडे पीठ उकळत्यात टाकले की गुठळी झालीच.

भाकरी थापताना तुटते? पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. ज्वारी थोडी थोडीच दळून आणावी. तरीही तुटली तर उकळते पाणी घालून, जरा निवल्यावर खूप मळावे. पीठ वाफशावर हवे : हाताला चिकटू नये, भेगही पडू नये. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी सुकत आले की उलटावी.

मीठ जास्त झाले? आमटी असेल तर पाणी नाहीतर शिजलेली बिनमिठाची डाळ घालून वाढवावी. मुळात कमी घालून चाखावे. कमी पडलेले वाढवता येते, पडलेले काढता येत नाही. युरियाचेही तसेच नाही का?

असो. आमची पहिली भाकरी तालुक्याच्या नकाशासारखी झाली होती. पण बोर्डाच्या परीक्षेला मुलीचा डबा रोज आम्हीच भरला आणि तिचा एकही पेपर बुडाला नाही. डबा रिकामा परत येई. सौ. म्हणाल्या, "मीठ बरोबर होतं." आजवर मिळालेल्या शाबासक्यांत ही आम्ही वर ठेवतो.

तेव्हा विनंती एवढीच. पोराला खोलीवर धाडताना गादीबरोबर एक कुकरही द्या, पण त्याआधी आठ दिवस त्याला घरच्या चुलीपुढे उभे करा. आणि येत्या रविवारी एक वेळचा वरण-भात आपण स्वतः लावा. चुकला तरी घरचे खातील.

आपला,
ऊस विकास अधिकारी