संख्यांच्या रांगेतील शिखरे

डोंगरांच्या ओळीत सर्वांत उंच शिखर एकच असते. परंतु आपल्या दोन्ही बाजूंच्या उतारांहून उंच अशी लहानमोठी शिखरे अनेक असतात. संख्यांच्या रांगेचेही तसेच आहे. जी संख्या आपल्या अलीकडच्या व पलीकडच्या अशा दोन्ही शेजारच्या संख्यांहून मोठी असते, तिला त्या रांगेतील स्थानिक महत्तम मूल्य असे म्हणतात.

पुढील रांग पाहा: २०, ३५, २८, ४०, ६२, ६२, ५५, ४१, ४७, ३०. दुसऱ्या संख्येपासून आरंभ करून प्रत्येक संख्या शेजारच्या दोन संख्यांशी ताडून पाहिली, तर ३५ व ४७ ही शिखरे तत्काळ सापडतात. मात्र सर्वांत मोठी असलेली ६२ ही संख्या निसटते. कारण ती लागोपाठ दोनदा आल्यामुळे दोहोंपैकी एकही आपल्या दोन्ही शेजाऱ्यांहून मोठी ठरत नाही. अशा वेळी सारख्या संख्यांचा गट एकच मानावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या संख्या त्याहून लहान आहेत काय, हे पाहावे. येथे ४० व ५५ या दोन्ही लहान आहेत. म्हणून ६२ हेही शिखरच होय.

प्रत्यक्ष निरीक्षणांत याहून मोठी अडचण येते. सूर्यावरील डागांचे उदाहरण घेऊ. हे डाग सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढतात व घटतात, असे जर्मन निरीक्षक हाइन्रिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये जाहीर केले. पुढे हे अंतर सरासरीने सुमारे अकरा वर्षांचे ठरले. स्विस ज्योतिर्विद रूडॉल्फ वोल्फ यांनी डागांच्या मोजणीची पद्धत घालून दिली. डागसमूहांच्या संख्येची दहापट करून तीत एकूण डागांची संख्या मिळवावयाची. तीन समूहांत मिळून बारा डाग असतील, तर अंक ४२ येतो. निरीक्षक व दुर्बीण यांतील फरकासाठी त्यास एका गुणकाने गुणतात.

या अंकांची मासिक सरासरी सारखी वरखाली होते. त्यामुळे एका चक्रात स्थानिक शिखरे अनेक निघतात, आणि ज्योतिर्विदास तर चक्राचे एकच शिखर हवे असते. म्हणून प्रत्येक महिन्याच्या अंकाऐवजी तो महिना, त्याआधीचे सहा व नंतरचे सहा अशा तेरा महिन्यांची सरासरी घेतात. दोन्ही टोकांचे महिने निम्म्या वजनाने धरून बेरजेस १२ ने भागतात. त्यायोगे बारीक चढउतार मावळतात. तरीही चोविसाव्या चक्रात दोन शिखरे उरलीच: एक २०१२ च्या आरंभीच्या काळात व दुसरे, अधिक उंच, एप्रिल २०१४ मध्ये, सुमारे ११६ अंकांचे. तात्पर्य, किती अंतरापर्यंतचे शेजारी विचारात घ्यावयाचे, हे ठरविल्यावाचून शिखराची व्याख्या पुरी होत नाही.

रांगेतील अखेरच्या संख्येला पलीकडचा शेजारीच नसतो. चालू महिन्याचा अंक कितीही मोठा असला, तरी तो शिखर आहे की चढावरील एक पायरी, हे त्या दिवशी सांगता येत नाही. पंचविसाव्या चक्रातील ऑक्टोबर २०२४ चा सरासरी अंक एप्रिल २०२५ चे निरीक्षण हाती आल्यावरच काढता आला, आणि त्यापुढील महिन्यांचे अंक उतरत गेल्यावरच तो शिखर ठरू शकला.

या विलंबाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. १३ मार्च १९८९ रोजी, बाविसाव्या चक्राच्या शिखराच्या वर्षी, सौर उत्पातामुळे उठलेल्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला. वीजजाळी व उपग्रह सांभाळणाऱ्यांस सूर्याची आजची स्थिती हवी असते; तुलनेची रीत मात्र ओलांडून आलेलेच शिखर दाखविते. पुढचे शिखर जाणण्यासाठी भाकिताच्या निराळ्या पद्धतींचाच आधार घ्यावा लागतो.