‘वाजवी रीतीने शक्य’ : एका शब्दप्रयोगाचा न्यायालयीन अर्थ

अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे व सुरक्षा-नियमभंगाचे खटले चालविणाऱ्या इंग्लंडातील बॅरिस्टरास ‘वाजवी रीतीने शक्य’ या शब्दांचा अर्थ वारंवार लावावा लागतो. खाणीतील वाट कोसळून मृत्यू पावलेल्या कामगारासंबंधीच्या ‘एडवर्ड्‌स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड’ या दाव्यात, १९४९ साली, न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी तो स्पष्ट केला. हे पद केवळ ‘शक्य’ याहून संकुचित होय. धोक्याच्या मानाने उपायाचा खर्च व श्रम अतोनात ठरले, तरच मालकास सूट मिळते. १९७४ च्या कामगार-सुरक्षा कायद्यातही हेच शब्द आले. अधिक काही करणे वाजवी रीतीने शक्य नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार तेथे आरोपी मालकावर आहे. उलट, २०१३ च्या सुधारणेनंतर दिवाणी दाव्यात मालकाचा निष्काळजीपणा सामान्यतः जखमी कामगारासच सिद्ध करावा लागतो. सारांश, न्यायालयात शब्दार्थाइतकाच सिद्धतेचा भारही निर्णायक ठरतो.