खेळाडूंची शिल्लक आणि फुल टिल्ट पोकर

ऑनलाइन पोकरच्या खात्यात दिसणारी शिल्लक म्हणजे कंपनीने खेळाडूला देणे असलेली रक्कम होय. ती कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळ्या बँक खात्यात ठेवली जाते की नाही, म्हणजेच निधीचे विलगीकरण होते की नाही, यावर ती परत मिळण्याची शाश्वती अवलंबून असते. अमेरिकी सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडल्याप्रमाणे, ३१ मार्च २०११ रोजी फुल टिल्ट पोकर ही ऑनलाइन पोकर कंपनी जगभरातील खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत असताना तिच्या बँक खात्यांत केवळ सुमारे ६ कोटी डॉलर होते. कारण खेळाडूंच्या बँकेतून वसूल न झालेल्या रकमाही खात्यांवर जमा दाखवल्या गेल्या होत्या आणि २००७ पासून मालकांना ४४ कोटींहून अधिक डॉलर वाटण्यात आले होते. परवाना देणाऱ्या ऑल्डर्नी बेटाच्या नियामकाने जून २०११ मध्ये परवाना निलंबित केला, तोवर पैसे अडकलेले होते. २०१२ मध्ये पोकरस्टार्स या दुसऱ्या ऑनलाइन पोकर कंपनीने फुल टिल्टची मालमत्ता घेऊन अमेरिकेबाहेरील खेळाडूंचे पैसे खुले केले, तरी अमेरिकेतील खेळाडूंना परतफेडीसाठी २०१४ उजाडले. म्हणूनच पैसे काढण्यास विनाकारण होणारा विलंब हा क्षुल्लक गैरसोयीचा नव्हे, तर कंपनीच्या पतीविषयीचा गंभीर प्रश्न मानावा आणि निधी कोठे, कोणाच्या नावे ठेवला आहे हे जाणणे हा खेळाडूचा हक्क समजावा.