पाणथळीवरील एक दिवस : पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण

परिसर अभ्यासाच्या पाठात पक्ष्यांच्या चोची, पाय, अन्न व स्थलांतर यांची माहिती येते. विद्यार्थी ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि पुढच्या इयत्तेत विसरून जातात. परंतु तोच विद्यार्थी एक सकाळ पाण्याच्या काठी शांत बसला, तर चोच व अन्न यांचा संबंध त्यास पुन्हा शिकवावा लागत नाही. या दृष्टीने निसर्गनिरीक्षणाची सहल कशी योजावी, याचा विचार नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या उदाहरणाने येथे केला आहे.

स्थळाची ओळख

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. दरवर्षीच्या पुराबरोबर येणारा गाळ त्यामागे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखलाची बेटे, लव्हाळे व पाणवनस्पती यांचा विस्तीर्ण प्रदेश निर्माण झाला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबी जो गाळ म्हणजे तोटा, तोच पक्ष्यांना अन्न व आसरा देणारा ठरला. १९८६ साली हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या करारान्वये महत्त्वाच्या ठरलेल्या पाणथळींच्या यादीत महाराष्ट्रातून सर्वप्रथम याच स्थळाचा समावेश झाला, व ती वार्ता जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

पूर्वतयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीस उत्तम होय. उत्तर आशियातून येणारी बदके या काळात मुक्कामास असतात. लडाख व तिबेटच्या बाजूस वीण करणारे चक्रवाकही याच सुमारास येतात. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. विद्यार्थ्यांचे पाच-सहा जणांचे गट पाडून प्रत्येक गटास एक वही व एक प्रमुख द्यावा. भडक रंगाचे कपडे टाळण्यास सांगावे. वर्गात आठ-दहा पक्ष्यांचीच ओळख करून द्यावी. शंभर नावांची यादी दिल्यास एकही ध्यानात राहत नाही.

प्रत्यक्ष निरीक्षण

सूर्योदयाच्या सुमारास निरीक्षणस्थळी पोहोचावे. प्रथम पंधरा मिनिटे कोणी काही लिहू नये. केवळ पाहावे व ऐकावे. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: इतके पक्षी एकाच पाण्यावर असूनही त्यांच्यात अन्नावरून सतत भांडण का होत नाही?

उत्तर डोळ्यांपुढेच असते. तुतवार काठच्या चिखलात चोच खुपसून किडे शोधतो. बगळा उथळ पाण्यात निश्चल उभा राहून नजरेने मासा टिपतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून चालतो आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. चमचा आपली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवतो. थापट्या बदक रुंद चोचीतून पाणी गाळून बारीक जीव खाते. पाणकावळा खोल बुडी मारतो व नंतर पंख पसरून वाळवीत बसतो. कमळपक्षी लांब बोटांमुळे तरंगत्या पानांवरून चालू शकतो. त्याचा भार पुष्कळ जागेवर विभागला जातो. पाण्याची खोली व चोचीची घडण यांनी प्रत्येकाचे ताट वेगळे मांडले आहे. हे एवढे विद्यार्थ्यांना स्वतः शोधता आले, तरी सहल सार्थकी लागली असे समजावे.

हळदीकुंकू बदक ओळखणे मुलांना विशेष आवडते. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असून बुडाशी तांबडे ठिपके असतात; नावातच खूण आहे.

गणितासही येथे वाव आहे. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. प्रथम दहा पक्षी मोजावेत, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते पाहावे आणि तशा किती जागा थव्यात बसतील, याचा अंदाज घेऊन गुणाकार करावा. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही मोठ्या थव्यांसाठी असेच अंदाज घेतले जातात.

छायाचित्रण

आज बहुतेक शिक्षकांजवळ भ्रमणध्वनी असतो, क्वचित कॅमेराही असतो. सकाळी प्रकाश तिरपा व सौम्य असतो. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहिल्यास पिसांचे रंग स्पष्ट येतात. भ्रमणध्वनीचे भिंग दुर्बिणीच्या नेत्रभिंगास टेकवूनही उपयुक्त चित्र घेता येते. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात मिटली पाहिजे. अन्यथा पंख पुसट येतात.

तथापि चित्रासाठी पक्ष्यास त्रास देणे हा दोष होय. थवा उडालेला दिसावा म्हणून टाळ्या वाजविणे, खडा मारणे, जवळ जाण्यासाठी चिखलात उतरणे, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यास बोलावणे, हे कटाक्षाने टाळावे. परतीच्या प्रवासापूर्वी या बदकांना अंगात चरबी साठवावी लागते. प्रत्येक व्यर्थ उड्डाण त्या शिधोरीतून खर्च होते. पक्षी मान उंचावून माणसाकडे पाहू लागला, की तेथेच थांबावे. तो पुन्हा चरू लागेपर्यंत पाऊल पुढे टाकू नये. घरट्याचे चित्र घेऊच नये. तेथील माणसाचा वावर पाहून कावळ्यांचे लक्ष वेधते आणि अंडी गमावली जातात. अंडी वा घरटी यांस धक्का लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

नोंदीतील सचोटी

दिवसभरात एखादा पक्षी असा दिसतोच, की ज्याचे नाव शिक्षकासही ठाऊक नसते. अशा वेळी वर्गापुढे मान राखण्यासाठी कोणतेतरी नाव सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. आकार, चोच, पायांचा रंग, स्थळ व वेळ लिहून पुढे “ओळख पटली नाही” असे नोंदवावे आणि जमल्यास चित्र घ्यावे. छायाचित्राचा खरा उपयोग येथेच आहे: शाळेत परतल्यावर पुस्तकाशी ताडून पाहता येते. शिक्षकाने “मला ठाऊक नाही, आपण शोधू” असे म्हटलेले ज्या मुलांनी ऐकले, ती मुले खोटी नोंद सहसा करीत नाहीत.

गलोल बाळगणाऱ्या मुलास सहलीतून वगळू नये. प्रख्यात पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ते ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्यांस न रागावता संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह दाखविला. त्या एका भेटीतून पुढील आयुष्याची दिशा ठरली. नेम धरणाऱ्या मुलाची नजर तीक्ष्ण असते. त्याच्या हाती वही द्यावी व गटाचे प्रमुखपद सोपवावे.

अनुधावन

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रत्येक गटाने आपली नोंद वाचून दाखवावी. नोंदींत भेद आढळल्यास तो खोडू नये. तो का पडला याची चर्चा करावी. मच्छीमार व शेतकरी कुटुंबांतील मुलांकडून पक्ष्यांची स्थानिक नावे मिळवून ती ग्रांथिक नावांशेजारी लिहावीत.

ज्या शाळांना अभयारण्य दूर पडते, त्यांनी गावचा पाझर तलाव निवडावा. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी, ठरावीक जागी, अर्धा तास निरीक्षण करून नोंदवही शाळेच्या दप्तरी जतन करावी. पाच वर्षांनी ती वही उघडली असता कोणते पक्षी आले, कोणते येईनासे झाले, हे दिसेल. आणि आपल्या गावच्या पाण्याचे काय झाले, याचे उत्तर त्या शाळेतील मुलांनीच लिहून ठेवलेले आढळेल.